काठीवरची खाच कोणी पाडली? आयरिश भाषा, परकी सत्ता आणि घर

पायवाट (धाग्याची सुरुवात)

एका लहानशा काठीबद्दल वाचलं, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या ताब्यातल्या आयर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी मुलाच्या गळ्यात दोरीने एक काठी अडकवत. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच. मग मास्तर खाचा मोजणार आणि तेवढी शिक्षा करणार. हे सगळं शाळेतच घडत असतं तर जुलमी सत्ता म्हणून मी विषय सोडून दिला असता. पण मूल घरी आयरिश बोललं तर खाच आईबाप पाडायचे. ज्यांना स्वतःला इंग्रजी धड येत नव्हतं, ते आईबाप!

1831 पासून सरकारी राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या आणि तिथे शिकवणं इंग्रजीतून होतं, हे खरं. पण चुलीपाशी आयरिश बोलू नका, असं त्या शतकात कुठला कायदा सांगत होता? लोकांचा लाडका पुढारी डॅनियल ओकॉनेल आयरिश बोलतच वाढला होता. तरी ती भाषा हळूहळू सुटतेय याचं आपल्याला दुःख नाही, व्यवहाराला इंग्रजी बरी, असं त्याचंही मत होतं.

म्हणून मला वाटतं, भाषेची किंमत परक्यांनी मातीमोल केली, पण शेवटचा घाव घरातूनच बसला. त्या गुन्ह्यात आईबाप भागीदार आहेत. 1922 मध्ये इंग्रज गेले (उत्तरेकडचा भाग सोडून), शाळांत आयरिश सक्तीची झाली, 1937 च्या राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला. आणि 2022 च्या जनगणनेत? जवळजवळ 40 टक्के लोक आयरिश येते म्हणतात, पण शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. दोष फक्त सत्तेचा होता तर ती जाऊन शंभर वर्षं झाल्यावर हे चित्र का?

तिठा

'गुन्हा' हा शब्द वाचून मन दुखावलं, स्पष्टच सांगतो.

1737 च्या कायद्याने तिथल्या कोर्टांची भाषा फक्त इंग्रजी झाली. म्हणजे आपल्याच जमिनीच्या खटल्यात माणूस मुक्यासारखा उभा. दुसरे आपल्याबद्दल काय बोलतायत तेही कळत नाही. असं एकदा ज्याच्यावर आलं, तो घरी येऊन पोराला कुठली भाषा शिक म्हणेल?

आणि दुष्काळाचं तुम्ही नावही घेतलं नाही. 1845 ते 1849, बटाट्याचं पीक कुजलं. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. सगळ्यात मोठा तडाखा पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला बसला, म्हणजे जिथे आयरिश सर्वांत दाट बोलली जायची तिथेच. 1851 च्या जनगणनेत भाषेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा आयरिश बोलणारे सुमारे 15 लाख उरले होते, लोकसंख्येच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. ज्या आईला ठाऊक आहे की आपलं मूल उद्या अमेरिकेच्या जहाजात बसणार आणि पुन्हा दिसणार नाही, तिने खाच पाडली ती मूल जगावं म्हणून. तिला भागीदार म्हणायला माझी जीभ धजत नाही.

सांजवेळ

तिठा यांचं दुःख पोचलं, पण मग इंग्लंडला लागूनच असलेल्या, इंग्रजांच्याच सत्तेखालच्या वेल्सचं काय? तिथे तर 1536 च्याच कायद्याने कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी केली होती. शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ती ज्याच्याकडे असेल त्याला मार. (मुलांनीच एकमेकांची चुगली करायची, याहून वाईट काय!) तरीही 2021 मध्ये वेल्श येणारे 5 लाख 38 हजार लोक होते.

कारण लोकांच्या हातात एक जागा उरली होती. 1588 मध्ये बायबल वेल्शमध्ये आलं, पुढे चॅपल (म्हणजे प्रार्थनाघरं) आणि रविवारच्या शाळा. म्हातारीकोतारी माणसंसुद्धा तिथे वेल्शमधून वाचायला शिकली. सरकारी शाळेने तुच्छ ठरवलेली भाषा तिथे देवाची भाषा होती. म्हणजे लोकांच्या हातात काहीच नव्हतं, हे मला पटत नाही.

तिठा

चॅपल मान्य. पण वेल्सच्या जमिनीखाली कोळसा होता, हे विसरू नका. शेती सुटलेली वेल्श माणसं समुद्रापार जाण्याऐवजी दक्षिणेच्या खाणींत गेली, आणि निदान सुरुवातीच्या काळात तिथे शेजारी वेल्श बोलणारेच होते. पगार मिळाला तो आपल्या माणसांत राहून. आयरिश माणसाला पगार मिळाला तो न्यूयॉर्क, बॉस्टन आणि लिव्हरपूलमध्ये.

भरती

जरा जवळचं उदाहरण देते. गोव्यात 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. इतका उघड हुकूम आयर्लंडमध्ये तुमच्या त्या शतकात नव्हता. तरी कोंकणी टिकली, आणि 1987 मध्ये राजभाषा झाली. लिखाणाचं, छपाईचं नुकसान फार मोठं झालं, ते मी कमी लेखत नाही. पण गावोगावच्या घरात, शेतात, होडीवर पोर्तुगीज पोचवायला त्या सरकारकडे शाळाच नव्हत्या. पोर्तुगीज शिकलेल्या मूठभरांचा फायदा झाला, बाकीच्यांचं पोट कोंकणीतच भरत होतं.

म्हणून मला हुकमापेक्षा पोटाची भीती जास्त वाटते. हुकूम झाला की लोक निदान चिडतात. पोटाचा प्रश्न आला की स्वतःहून भाषा बदलतात, आणि शहाणपणा केला असं समजतात.

गारवेल

भरती, हुकूम इतका हलका धरू नका. कोरिया पाहा. जपानची सत्ता 1910 ते 1945, म्हणजे 35 वर्षं. 1938 मध्ये शाळेतली कोरियन ऐच्छिक केली आणि मग ती वर्गातून जवळपास नाहीशीच झाली. 1940 पासून लोकांना जपानी पद्धतीची नावं घ्यायला भाग पाडलं. 1942 मध्ये कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींना पकडलं, हस्तलिखित जप्त केलं. त्यातले दोन अभ्यासक तुरुंगातच वारले.

1945 च्या सप्टेंबरमध्ये, जपानची सत्ता गेल्यावर थोड्याच दिवसांत, ते हस्तलिखित सोल रेल्वे स्टेशनच्या गोदामात सापडलं. पुराव्याचे कागद म्हणून कोर्टाकडे पाठवलेलं होतं, ते तिथेच पडून होतं. 1947 मध्ये पहिला खंड छापला, शेवटचा 1957 मध्ये. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण भाषा वाचली ती सत्ता लवकर कोसळली म्हणूनही. आणखी दोन पिढ्या तसंच चाललं असतं तर ते कागद वाचणारं कोणी उरलं असतं का? आयर्लंडला ही सवड मिळाली नाही.

पायवाट

तिठा, 'गुन्हा' हा शब्द मी मागे घेतो. दुष्काळाचा उल्लेख न करता तो वापरायला नको होता.

पण 1922 नंतरचा प्रश्न तसाच आहे, त्याला कोणीच हात घातला नाही. शाळेत तास वाढवले, नोकरीला अट घातली, आणि मूल घरी आलं की इंग्रजी. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळच्या माओरी लोकांनी 1982 पासून उलट्या बाजूने सुरुवात केली. ज्यांना भाषा येते त्या आज्या-आजोबांच्या हाती दोन-तीन वर्षांची मुलं दिली, दिवसभर फक्त माओरी. मधल्या पिढीची भाषा तुटली होती, म्हणून तिला ओलांडून गेले. आयर्लंडमध्ये सुरुवात मास्तरापासून झाली.

आणि घराबद्दल मी इतकं का बोलतोय ते सांगतो. आयरिशसाठी आयुष्य वेचणाऱ्या डग्लस हाइडला (1893 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी गेलिक लीग ही आयरिश भाषा जपणारी संस्था काढली, पुढे तो देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला) रस्त्यात एक मुलगा भेटला होता. हाइड आयरिशमध्ये विचारतोय, मुलाला सगळं कळतंय, पण प्रत्येक उत्तर इंग्रजीत. शेवटी हाइडने विचारलं, तू आयरिश बोलत नाहीस का? मुलगा म्हणाला, मी आयरिशच तर बोलतोय! त्याच्याशी घरी कोणीतरी आयरिश बोलत होतं, म्हणून तर त्याला ती कळत होती. मग इतक्या वर्षांत घरातल्या कोणालाच त्याला सांगावंसं वाटलं नाही?

तिठा

त्या मुलाला लाज वाटत नव्हती, हे तुम्ही पाहिलंत का? तो लपवत नव्हता. त्याच्या मनात ती भाषा अजून त्याचीच होती. मला त्याच्या आईबापांचा राग येत नाही. रोज रात्री आपण आयरिशमध्ये विचारायचं आणि पोराने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे ऐकत ते जेवत असतील. त्यांना काय वाटत असेल, ते मला विचारावंसं वाटतं.