‘जुळवून घे’ आणि समुपदेशन
संसारातल्या त्रासासाठी समुपदेशन म्हणजे बाईलाच ‘जुळवून घे’ सांगणं, असं अनेकांना वाटतं. तसे समुपदेशक असतात, नाकारत नाही. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला पहिल्या ठिकाणी हेच ऐकवलं: मुलांकडे बघ, थोडं सोस. ती परत गेलीच नाही. पुढे गंगापूर रोडला एक बाई भेटल्या, विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवत, काम करणाऱ्या समुपदेशक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मराठीत मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडक्यांमुळे पोचली. या बाईंनी बहिणीला वहीत तीन रकाने पाडायला लावले: काय घडलं, मनात काय आलं, मग काय वाटलं. मधल्या रकान्यात दर वेळी एकच वाक्य निघायचं, ‘संसार मोडला तर मी कुचकामी.’ नवऱ्याचं वागणं चूक होतंच, ते कुणी बरोबर ठरवलं नाही. पण त्या वाक्याला पुरावा काय, एवढंच त्या विचारत राहिल्या. दोनेक महिन्यांनी ती भांडणात रडायची थांबली आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडून आली. (नवऱ्याला हा ‘उपचार’ फारसा आवडला नाही, हे वेगळं सांगायला नको.)

मारहाण असेल तर मात्र वह्या नंतर. आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन आणि सुरक्षित जागा. अशा घरात नवराबायकोला एकत्र बसवणं धोक्याचं. तिथे खरं बोलल्याची किंमत बायको घरी गेल्यावर मोजते.