शब्दचर्चा : टाइड मिलला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडमधल्या वुडब्रिज आणि ईलिंगच्या टाइड मिलवर, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्यावर धान्य दळणाऱ्या चक्क्यांवर, लेख लिहितोय. 'भरती-गिरणी' चालेल का? तिच्या तळ्याच्या दाराला काय म्हणावं?

प्रतिसाद : 'गिरणी' नको. ती वाचली की विजेवरची किंवा कापडाची गिरणी समोर येते. पाण्यावर फिरणाऱ्या जात्याला 'पनचक्की' हा शब्द छत्रपती संभाजीनगरच्या पनचक्कीमुळे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून 'भरतीची पनचक्की'. मात्र दळण ओहोटीत होतं, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. भरतीचं पाणी बांधामागच्या तळ्यात शिरतं, पाणी फिरलं की दार मिटतं आणि तळं भरलेलं राहतं. तरी चाक लगेच सोडता येत नाही. बाहेरचं पाणी चाकाच्या खालच्या पात्यांना लागत असेल तर तेच चाकाला अडवतं. ते उतरेपर्यंत थांबावंच लागतं. शिवाय भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे दळणाची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर ठरते. चक्कीवाल्याला मध्यरात्रीही उठावं लागे.

प्रतिसाद : दाराला 'उघाडी' म्हणा. रायगडच्या खारबांधांत, म्हणजे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांत, हाच शब्द आहे. गोव्याच्या खाजनात, म्हणजे तशाच बांधामागच्या जमिनीत, त्याला 'मानस' म्हणतात. फक्त दिशा उलटी. शेताची उघाडी ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. चक्कीची भरतीला आत घेते आणि ओहोटीला मिटते. हा फरक न सांगता नुसतं 'उघाडी' लिहिलं तर कोकणातला वाचक नेमकं उलटं समजेल.

प्रश्न : आणि 'स्प्रिंग' व 'नीप' टाइड?

प्रतिसाद : 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती'. आपले शब्द आहेत, तेच वापरा. भांग अष्टमीच्या सुमारास येतो. तेव्हा पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, म्हणून चक्कीला दोन्हीकडून फटका: तळं अर्धवट भरतं आणि चाकाखालचं पाणीही पुरेसं उतरत नाही.

प्रतिसाद : चक्कीच्या दळायच्या दगडाच्या झिजलेल्या खाचा पुन्हा कोरण्याला 'टाकी लावणे' म्हणा, घरच्या जात्याचाच शब्द. चाकाच्या दांड्याला 'आस'. वुडब्रिजला चक्कीची नोंद ११७० ची आहे, आजची इमारत १७९३ ची. १९५७ मध्ये तिचा ओक लाकडाचा आस मोडला आणि दळण बंद पडलं. आसाला 'धुरा' लिहू नका. बैलगाडीत धुरा म्हणजे जू बांधायची जागा.