व्हिनेगर लावणारे शास्त्रज्ञ नव्हेत म्हणे!

टिळकवाडीकर
काल एकानं इथं ठणकावलंय: "कमल रणदिवे गेल्या आणि मराठी माणसाचं कॅन्सर संशोधन संपलं. आता उरलेत ते घरोघर फिरून व्हिनेगर लावणारे आणि फॉर्म भरणारे. रेणू शोधतो तोच शास्त्रज्ञ." डोकंच सटकलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कमलताईंबद्दल वादच नाही. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ ला पीएचडी, मग जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या माणसाच्या कॅन्सरच्या पहिल्या पेशी, म्हणजे हेला पेशी, वाढवणारे तेच), परत येऊन मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवायची) प्रयोगशाळा, १९८२ ला पद्मभूषण. पण त्यांचे गुरू खानोलकर १९४५ ला कशावर लिहीत होते? कमरेला धोतर जिथं घट्ट काचतं तिथल्या कातडीच्या कॅन्सरवर. त्यात कुठला रेणू आला? धोतर आलं.

आता व्हिनेगर. सुरेंद्र शास्त्री आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर चाचणी केली. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलं. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं तेच) लावायचं, एक मिनिट थांबायचं, हॅलोजनच्या उजेडात पांढरा डाग दिसतो का बघायचं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे "फॉर्म भरणं" असेल तर भरू देत की अजून.

रामलिंगखिंड
मूळ पोस्ट माझीच. टाळ्या मिळाल्या, आता ऐका. तुमच्याच व्हिनेगरनं उस्मानाबाद जिल्ह्यात दगा दिलाय, ते सोयीनं गाळलंत. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलनं १९९९ पासून खेड्यांचे ५२ समूह करून चार गट पाडले: एचपीव्ही (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची चाचणी), पॅप (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), व्हिनेगर आणि काहीच नाही. २००९ ला निकाल आला. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात ३४ मृत्यू, काहीच न केलेल्या गटात ६४. व्हिनेगरच्या गटात म्हणावा असा फरक नाही. म्हणजे जिंकला कोण? रेणूच. विषाणूचा डीएनए!

आणि पेशी वाढवणं म्हणजे काय गंमत वाटते? ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आयात केलेला वासराचा सीरम. एवढं करून मायकोप्लाझ्मा हा बारीक जंतू शिरला तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निसटतो, पेनिसिलिनला दाद देत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नाही. सहा महिन्यांचे आकडे कचऱ्यात. हे सोसणाऱ्या पोरांना २०२३ च्या वाढीनंतर महिना ३७,००० फेलोशिप, तीही वेळेवर आली तर.

टिळकवाडीकर
दगा नाही हो, एकच फेरी होती! एकदा बघून आठ वर्षं सोडून दिल्यावर व्हिनेगर काय करणार? शिवाय पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, तो डोळ्याला दिसतच नाही. मुंबईत चार फेऱ्या होत्या, म्हणून उपयोग झाला. द्रावणाचंही तसंच. ५ मिली ग्लेशियल (म्हणजे शुद्ध) आम्ल, ९५ मिली पाणी, रोज ताजं. शिळं लावलं तर डाग उमटत नाही, न मिसळता लावलं तर बाई भाजते. हे ज्यानं बसवलं तो शास्त्रज्ञ नाही?

खानापूरची अक्का
तुम्ही दोघं आकडे मोजा. "काहीच नाही" त्या गटातल्या ६४ बायकांचं काय? पॅप तपासणीनं जीव वाचतात हे १९९९ च्या कितीतरी आधी ठाऊक होतं. मग त्यांना नुसती माहिती देऊन मोकळं का सोडलं? मुंबईतही तेच. परदेशातून यावर टीका झाली, ती उगीच झाली काय?

टिळकवाडीकर
अक्का, खेड्यात पॅप वाचणारा पॅथॉलॉजिस्ट आणायचा कुठून? तुलना होती ती जे चालू होतं त्याच्याशी, आणि चालू काहीच नव्हतं.

खानापूरची अक्का
"काहीच नव्हतं" हे कारण झालं, उत्तर नाही. त्याच चाचणीच्या दुसऱ्या गटात पॅप झालंच की, तेव्हा वाचणारे कुठून आणले? आकडा सिद्ध करायला तो गट लागतो हे मला कळतं. फक्त त्याला सेवा म्हणू नका.

टिळकवाडीकर
बरं, सेवा नाही म्हणत. पण मग शस्त्रक्रियेच्या चाचण्या घ्या. टाटाच्याच राजेंद्र बडवेंनी १,५८३ बायकांपैकी साधारण निम्म्यांच्या स्तनाच्या गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन (बधिर करायचं औषध) टोचलं, ७ ते १० मिनिटं थांबून गाठ काढली. पाच वर्षांनी जिवंत ९०.१ टक्के, न टोचलेल्या ८६.४. अनिल डिक्रूझनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत. वाट बघून काढल्या तर ६७.५. आणि तोंडाचा कॅन्सर आपल्याकडंच एवढा का, ते तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीला विचारा.

रामलिंगखिंड
लिडोकेनच्या दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शनसुद्धा दिलेलं नव्हतं. आणि ते नेमकं कशानं चालतं याचा पत्ता अजून नाही. पुन्हा रेणूकडंच यावं लागणार.

निपाणीकर
आलं का शेवटी निपाणीवर! आमची तंबाखू बिडीची आहे, गालात धरायची नाही. तोंड सडतं ते सुपारीनं. सुपारीला २००४ मध्येच कॅन्सरकारक ठरवलंय, तंबाखूशिवाय खाल्ली तरी. तोंड उघडेनासं होतं, तीन बोटं आत जात नाहीत, ती सुपारीची करणी. पण शिरसी-शिमोग्याच्या सुपारीवर बोलायला कुणाची जीभ उचलत नाही. आमच्या शेतकऱ्यानं १९८१ ला भाव मागितला तर गोळ्या खाल्ल्या, १२ जण गेले. आता शास्त्रज्ञांच्या शिव्याही आम्हीच खायच्या?

खानापूरची अक्का
सुपारीचं शंभर टक्के खरं, तुम्हाला एक गुण. पण बिडीला निर्दोष ठरवू नका. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, बिडी सारखी विझते, म्हणून ओढणारा जास्त झुरके मारतो. फुप्फुस, स्वरयंत्र, तोंड, सगळ्याला लागते. शिवाय शेतात शेंडा खुडून फुटवे काढता ते कशासाठी? मुळात तयार होणारं निकोटिन पानात साठावं म्हणूनच ना? पुढं वाळवताना आणि ढीग मुरताना जंतू नायट्राइट करतात, त्याची निकोटिनशी गाठ पडून नायट्रोसामाइन होतात. कॅन्सर करणारा मुख्य माल तो. तंबाखूत चुना मळतात त्यानं निकोटिन मोकळं होऊन गालातून पटकन शिरतं, म्हणून ती सुटत नाही.

निपाणीकर
शेंडा नाही खुडला तर पान जाड होत नाही, व्यापारी हात लावत नाही. हे कुठल्या प्रयोगशाळेत कळतं का?

रामलिंगखिंड
निपाणीकरांशी पहिल्यांदाच सहमत, स्वतःचीच लाज वाटते. महाराष्ट्रात २०१२ ला, कर्नाटकात २०१३ ला गुटखा बंद. कर्नाटकात लगेच पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, शेजारी शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाईक तळहातावर मिसळतो. कायदा मिश्रणाला, मिश्रण तळहातावर!

टिळकवाडीकर
धागा शास्त्रज्ञांचा होता, बरं का.

निपाणीकर
मग शास्त्रज्ञांनाच विचारा. पावसाच्या भरवशावर, उसाइतकं पाणी न मागता, एकरी तंबाखूएवढा रोख पैसा देणारं पीक कुठलं? एकालाही सुचलेलं नाही. सोयाबीन म्हणू नका, त्याचा भाव बघून या आधी.

खानापूरची अक्का
कॅन्सरचा शास्त्रज्ञ पीक सुचवणार? उद्या घटप्रभेचं पाणीही त्यालाच सोडायला सांगाल.

निपाणीकर
मग मानेच्या गाठी काढत बसा की जन्मभर.

रामलिंगखिंड
ठीक आहे टिळकवाडीकर, व्हिनेगरवाले शास्त्रज्ञ. मान्य. पण आयआयटी मुंबईत राहुल पुरवार आणि टाटाच्या लोकांनी केलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांत नवं जनुक घालायचं आणि परत सोडायच्या. ते व्हिनेगरनं होत नाही, एवढं तरी लिहा.

टिळकवाडीकर
लिहिलं. आणि त्यालाही अखेर माणसांवर चाचणी घ्यावीच लागली, फॉर्म भरूनच.