हायवेवर आईच्या बाजूच्या काचेतून वाऱ्याचा आवाज येतोय, काय करू?

बाणेर_ते_दादर

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा. मागच्या वर्षी आम्ही सेकंड हँड जर्मन सेडान घेतली, २०१७ चं मॉडेल, ५८ हजार किलोमीटर झालेली. घेतली ती मुख्यतः आईसाठी. तिला दर महिन्याला दादरला डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि कंबरेचं दुखणं असल्यामुळे आधीच्या छोट्या गाडीत खोपोली येईपर्यंतच ती पार दमून जायची. या गाडीच्या सीट, सस्पेन्शन, सगळंच छान आहे, मीच चालवते आणि मला गाडी मनापासून आवडते.

पण काटा ऐंशीच्या पुढे गेला की डाव्या पुढच्या दाराच्या काचेतून सूंऽऽऽ असा आवाज चालू होतो. शंभरला तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी फुसफुसते ना, अगदी तसा. गावात काहीच नाही, बाणेर रोडला, औंधला गाडी एकदम शांत. माझ्या बाजूच्या काचेतूनही नाही. फक्त डावीकडून, आणि तिथेच आई बसते. तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे आणि मशीन हा आवाज आणखी मोठा करून तिच्या कानात सोडतं. त्यामुळे किवळ्याला एक्सप्रेसवे लागला की ती मशीन काढून डबीत ठेवते आणि मग दादरपर्यंत आम्ही दोघी गप्प. महिन्यातून तेवढाच वेळ आम्हाला निवांत मिळतो आणि तो असा जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. सर्व्हिस सेंटरला दाखवलं, त्यांनी जवळच एक चक्कर मारून आणली (साठच्या वर नेलीच नसणार) आणि टायरचा आवाज आहे, नॉर्मल आहे म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी अख्खी काच बदला म्हणाले, तो आकडा ऐकून परत आले. मग नाना पेठेतून चिकटवायची रबराची पट्टी आणली आणि दाराला आतून सगळीकडे लावली. आता दार जोरात आपटावं लागतं आणि आवाज उलट वाढलाय असं वाटतंय. काच खरंच बदलायला लागेल का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

डेंटर_भोसरी

ताई आधी ती नाना पेठेची पट्टी काढून टाका, आजच. तुम्हाला वाटतंय तसंच झालंय, आवाज वाढलाच असणार. दाराचं मूळ बीडिंग, म्हणजे कडेने फिरणारं रबर, ठरावीक दाबासाठी बनवलेलं असतं, त्यावर दुसरं रबर घातलं की दार नीट बसत नाही, कुलूप लागतं पण वरची चौकट बाहेर ढकललेली राहते. आणि हायवेला काचेच्या बाहेरून हवा जोरात पळते तेव्हा तिथे दाब कमी होतो, ती चौकट आणखी बाहेर ओढली जाते. म्हणून उभ्या गाडीत कितीही बघा फट दिसणार नाही, ती फट शंभरलाच उघडते.

काच बदलायची घाई नको. २२ वर्षं दारं बसवतोय, काचेतून आवाज येतो म्हणून आलेल्या गाड्यांत काच खराब निघाली असं फार क्वचित. आवाज काचेतून येतो असं वाटतं कारण काच कानाजवळ असते. खरी जागा बऱ्याचदा आरशाच्या बुडाशी नाहीतर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात असते.

जागा शोधायला कागदाची मास्किंग टेप घ्या, पेंटरवाले वापरतात ती, पॅकिंगची चिकट टेप नको, रंगावर डाग सोडते. डाव्या पुढच्या दाराच्या सगळ्या फटी बाहेरून बंद करा, चौकटीची वरची कड, पुढच्या काचेच्या बाजूचा खांब, आरशाचं बूड, काच दारात जिथे शिरते ती खालची पट्टी, सगळं. आरशाची काच तेवढी मोकळी ठेवा. ते दार मग उघडणार नाही, म्हणून बाकीची दारं मोकळी असू द्या आणि आईंना घेऊन जाऊ नका, त्या सीटवर कान चांगला असलेलं दुसरं कुणी बसवा. गाडी शंभरला न्या. आवाज गेला तर फट याच दारात आहे हे पक्कं झालं. मग एकेक टेप काढत जायचं, जी काढल्यावर आवाज परत आला ती जागा. एक्सप्रेसवेला कडेला थांबून हे करायचं नाही, टेप काढायची ती फूड मॉलच्या पार्किंगमध्येच.

टेप लावूनही आवाज तसाच राहिला तर मात्र गोष्ट वेगळी, मग परत लिहा. आणि एक सांगा, गाडीला रेन व्हायझर, म्हणजे खिडक्यांच्या वर पावसासाठी लावतात त्या पट्ट्या, लावलेत का? आणि ते दार कधी रंगवलंय का?

कात्रज_बोगदा

माझ्या गाडीला दाराला चौकट नाही, नुसती काच वर येऊन छताच्या रबरात बसते. मला हाच त्रास झाला होता नवी बॅटरी बसवल्यावर. बॅटरी काढली की काच कुठवर चढायची ते गाडी विसरते, मग ती पूर्ण वर जात नव्हती, नखभर खाली राहायची. काच पूर्ण बंद करून बटण वरच्या बाजूला काही सेकंद धरून ठेवलं आणि सेटिंग परत बसलं, खर्च शून्य. तुमच्या दाराला चौकट असेल तरी बघून घ्या, मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते.

ध्वनी_कोथरूड

मी आता निवृत्त आहे पण आयुष्य गाड्यांचे आवाज मोजण्यात गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. डेंटर साहेबांनी सांगितलेली टेपची पद्धत आम्हीही वापरायचो. विंड टनेलमध्ये, म्हणजे उभ्या गाडीवर जोरात वारा सोडून चाचणी करतात तिथेसुद्धा, गाडी अशीच टेपने गुंडाळतात आणि एकेक पट्टी सोडवत जातात, त्यामुळे ही घरगुती युक्ती आहे असं समजून सोडून देऊ नका.

सर्व्हिस सेंटरला साठला आवाज आला नाही यात नवल नाही. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलात की जवळजवळ ६ डेसिबल वाढ, आणि साठवरून शंभरला गेलात तर १३ च्या आसपास. म्हणून तक्रार दाखवताना मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच वेगाला न्यायला हवं. त्यात समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असला तर शंभरची गाडी हवेच्या दृष्टीने एकशेवीसला असते, त्यामुळे जाताना आवाज जास्त आणि येताना कमी असंही होऊ शकतं. चाचणी एकाच दिवशी, एकाच दिशेने करा, नाहीतर फरक टेपमुळे पडला की वाऱ्यामुळे ते कळणार नाही. एक्सप्रेसवेला कारची मर्यादा १०० आहे, तेवढ्यात सगळं ऐकू येतं, पुढे जायची गरज नाही.

टायरचा आवाज की वाऱ्याचा हे ओळखणं सोपं आहे. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, सिमेंटवरून डांबरावर आलात की लगेच कळतो. वाऱ्याचा रस्त्याने बदलत नाही, तो वेगाने आणि वाऱ्याच्या दिशेने बदलतो. मोठा ट्रक ओलांडताना क्षणभर कमीजास्त झाला तर वाराच.

काचेबद्दल. टेप लावूनही आवाज राहिला तर तो फटीतून नसून काचेतूनच आरपार येतोय. आरशामागे आणि पुढच्या खांबाच्या कडेला हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि बाजूच्या काचेवर आदळत राहते. साधी ४ मिलिमीटरची टेम्पर्ड काच ३ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज अडवायला सगळ्यात कमकुवत असते. महाग गाड्यांत म्हणून काही वेळा बाजूलाही दुपदरी काच देतात, मधे प्लास्टिकचा मऊ थर असतो तो हे कंपन खाऊन टाकतो. काच अर्धी खाली करा आणि वरच्या कडेकडे बघा, दोन काचांमधली बारीक रेघ दिसली तर दुपदरी. दोन्ही बाजू ताडून बघा. उजवीकडे रेघ आहे आणि डावीकडे नाही असं निघालं तर आधीच्या मालकाने फुटलेली काच स्वस्तातली बसवली असणार, तेव्हा बदलण्याचा विचार करा.

आणि आईंना इतका त्रास का होतो ते सांगतो. आपल्या बोलण्यातले स, श, त, फ हे वर्ण याच वरच्या पट्ट्यात असतात. फटीतला फुसफुसाटही तिथलाच. तो बरोबर त्याच अक्षरांवर बसतो आणि शब्द झाकून टाकतो. तुम्हाला तो नुसता कंटाळवाणा वाटत असेल, त्यांना त्यात बोलणंच ऐकू येत नसेल.

बाणेर_ते_दादर

काका तुम्ही शेवटचं लिहिलंय ते वाचून मला एकदम पटलं, ती नेहमी म्हणते की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, मला वाटायचं ती थकलीय म्हणून.

पट्टी काढली. व्हायझर नाहीत. काचेची कड बघितली, दोन्हीकडे रेघ आहे, म्हणजे काच मूळचीच असावी. दार रंगवलंय का ते कसं ओळखायचं?

डेंटर_भोसरी

दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा, रंग उडालेला किंवा पान्याच्या खुणा असतील तर दार उघडून काढलेलं आहे. बीडिंगच्या कडेवर रंगाचे बारीक ठिपके असतील तर बीडिंग न काढता किंवा अर्धवट काढून रंगवलंय. आणि कागदाची पट्टी घेऊन बघा, बिलाच्या कागदाएवढी, दारात धरून दार लावा आणि ओढा. चांगल्या जागी ती अडखळत येते. जिथून सहज सरकली तिथे रबर दाबलं जात नाही. वीतभर अंतर सोडत सगळीकडे बघा आणि उजव्या दाराशी तुलना करा.

मृण्मयी_सिंहगड_रोड

गाडीचं मला कळत नाही पण माझ्या सासूबाईंना मशीन आहे म्हणून लिहिते. तुमच्या ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे मशीन सेट करून देतात त्यांना, प्रवासाची अडचण नीट सांगा. डिजिटल मशीन असेल तर बहुतेकांत गाडीसाठी वेगळा प्रोग्रॅम सेट करून देतात, बटणाने बदलायचा. आमच्याकडे त्याने बराच फरक पडला, आता त्या मशीन काढत नाहीत. गाडीचं काम होईपर्यंत निदान एवढं करून घ्या. आणि एसीचा झोत त्यांच्या कानाकडे नसू दे, मशीनच्या माइकवर तो थेट आला तरी असाच आवाज होतो.

बाणेर_ते_दादर

उशिरा लिहितेय, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

रविवारी पहाटे भावाला घेऊन गेले. आदल्या रात्री पार्किंगमध्ये टॉर्च धरून दोघांनी टेप लावली, दाराच्या चारही कडा आणि आरशाचं बूड. किवळ्याहून निघालो, ऐंशी, नव्वद, शंभर, आणि आवाज नाही. म्हणजे थोडासा होता पण माझ्या बाजूला असतो तेवढाच. भाऊ म्हणाला तू खिडकी उघडी ठेवून चालवायचीस की काय इतके दिवस. फूड मॉलला थांबून खालची पट्टी सोडवली, काही फरक नाही. पुढच्या थांब्याला वरची कड सोडवली, थोडा वाढला. येताना आरशाच्या बुडाची आणि खांबाजवळच्या कोपऱ्याची काढली आणि फुसफुस लगेच परत, तोच आवाज. मला ओरडावंसं वाटलं इतका आनंद झाला.

घरी येऊन कागद लावून बघितला. उजव्या दाराला सगळीकडे अडखळतो, डाव्याला पुढच्या वरच्या कोपऱ्यात साधारण दोन वीत भागात कागद नुसता निसटतो. मग बोट फिरवलं तर तिथे, आरशाच्या आतल्या त्रिकोणाच्या मागे, बीडिंगची पातळ कड आतल्या बाजूला दुमडलेली होती. वरून रबर सरळ दिसतं, नख खाली घातल्यावरच कळतं. दुमड पडून पडून रबर तिथे चपटं आणि चकचकीत झालंय आणि कडेवर रंगाचे तीन-चार पांढरे ठिपके. बिजागरीच्या एका बोल्टवरही खूण आहे. म्हणजे दार रंगवलं होतं आणि बीडिंग परत बसवताना कड आत अडकली, तशीच राहिली. घेताना आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी एका जुन्या डेंटरकडे नेली, त्यांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. नवं बीडिंग मूळ कंपनीचं मागवलं, चार दिवस लागले. ते बसवल्यावर त्यांनी दाराचा स्ट्रायकर, म्हणजे खांबावरचा तो हूक, आधी पेन्सिलने जुनी जागा आखून घेऊन मग जेमतेम एक मिलिमीटर आत सरकवला. आता दार एका बोटाने ढकललं तरी बसतं. सगळं मिळून खर्च काचेच्या आकड्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आला.

काल दादरला जाऊन आलो. ऑडिओलॉजिस्टने प्रोग्रॅमही लावून दिला होता (मृण्मयी ताई, खूप खूप आभार). किवळं आलं, आईने सवयीने डबी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरून बसली आणि पर्समध्ये परत ठेवली. लोणावळ्यापर्यंत तिने मला तिच्या मावशीच्या लग्नातली बैलगाडी उलटल्याची गोष्ट सांगितली, जी मी आजवर कधीच ऐकली नव्हती. घाट उतरल्यावर शंभरला थोडा आवाज आहे, आरशाचा असावा, पण दोन्हीकडे सारखा.

ध्वनी_कोथरूड

दोन्हीकडे सारखा असेल तर तो आरशाचा आणि खांबाचाच, त्याच्या मागे लागू नका. असल्या गाडीत इंजिन आणि टायर इतके दाबलेले असतात की उरलेला वारा जास्त ऐकू येतो. फार छान काम केलंत, वाचून बरं वाटलं.

डेंटर_भोसरी

ताई आता फक्त एवढं सांभाळा. नव्या बीडिंगला ग्रीस, तेल किंवा गंज काढायचा स्प्रे लावू नका, ते रबर पेट्रोलियमने फुगतं आणि ढिलं पडतं. ओल्या फडक्याने धूळ पुसायची आणि चार-सहा महिन्यांनी सिलिकॉनचा पातळ हात फिरवायचा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रबर बसलं की कागद परत एकदा लावून बघा. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या कोपऱ्याखालचं मॅटिंग हाताने चाचपा, कोरडं असेल तर काम पक्कं.