लॉझेंजला मराठीत काय म्हणावं? चघळायची गोळी की चोखायची?

वेलांटी: घशाच्या औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. मूळ सूचना अशी : गोळी तोंडात सावकाश विरघळू द्यावी, चावू नये, गिळू नये. मी ‘चघळण्याची गोळी’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणे चघळताना दातही चालतात, ‘चोखण्याची’ करा. मला तर चोखणं म्हटलं की तान्ह्या बाळाचा अंगठाच दिसतो.

खलबत्ता: ‘वटी’ किंवा ‘गुटिका’ आहे की. आयुर्वेदाच्या ग्रंथात शार्ङ्गधराने वटक, गुटिका, वटी, मोदक, पिंडी, गुड, वर्ती ही एकाच कल्पाची, म्हणजे औषधाच्या एकाच रूपाची, नावं दिलीत. प्रमाणही सांगितलंय : साखर घालायची तर चूर्णाच्या चौपट, गूळ दुप्पट, मध चूर्णाइतका.

वेलांटी: पण वटी गिळतातही. आरोग्यवर्धिनी कोण चघळत बसतं?

खलबत्ता: हे मात्र खरं. लवंगादि वटी तोंडातच धरायची. लवंग, मिरे, बेहड्याची साल समभाग, तिन्ही मिळून होईल तितका कात, आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात खल. आधी मिऱ्याने नाक झोंबतं. मग कात भिजतो, गोळा काळपट होऊन बत्त्याला चिकटायला लागतो, तेव्हा वळायला घ्यायचा. काताचा तुरटपणा घशाला लागायला हवा, गिळून काय उपयोग?

उपरणं: आपल्याकडे ‘चोष्य’, म्हणजे चोखून खायचं, हा शब्द आयता आहे. अन्नाचे चार प्रकार : भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य. ‘चोष्य गुटिका’ लिहा. लॉझेंज म्हणजे मुळात शंकरपाळ्याचा आकार, तो गोल गोळीला कशाला?

पाटीपेन्सिल: ‘चोष्य गुटिका’ आजारी माणसाला वाचून दाखवा एकदा. माझ्या आईने वेष्टनावर ‘गोळी घ्यावी’ एवढंच वाचलं आणि घशाची गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली. ‘चोष्य’ वाचून वेगळं काय केलं असतं? ‘तोंडात धरावी’ लिहा. लवंग दाढेत धरतो तसं. आजी जेष्ठमधाची काडी अशीच ‘धरायला’ द्यायची.

उपरणं: जेष्ठमध नव्हे, ज्येष्ठमध. मधांमध्ये थोर तो ज्येष्ठमध.

खलबत्ता: ज्येष्ठाशी काही संबंध नाही हो. मूळ यष्टीमधु. यष्टी म्हणजे काठी, गोड काठी. ‘य’चा ‘ज’ झाला, यज्ञोपवीताचं जानवं झालं तसा. हिंदीतली मुलेठी म्हणजे मधुयष्टीच.

उपरणं: मग ‘ज्येष्ठमध’ लिहिणाऱ्या इतक्या पिढ्या चुकल्या?

पाटीपेन्सिल: चुकल्या कशाला म्हणायचं? अनोळखी शब्दात ओळखीचा अर्थ सापडला, तो त्यांनी धरून ठेवला. शब्द असेच टिकतात.

वेलांटी: क्रियेसाठी ‘तोंडात धरून विरघळू द्यावी’ पक्कं करते, ते आईलाही कळेल. पण पत्रकाच्या मथळ्यात नाम लागणारच, आणि ते उद्या द्यायचंय.

खलबत्ता: ‘घशासाठी वटी’ करा.

उपरणं: वटी गिळतात, हे वर ठरलंय ना! आणि यष्टीत ‘ष्ट’ आहे, मग जेष्ठमधात ‘ष्ठ’ कुठून आला, ते सांगा आधी.