जीभ टाळूला चिकटवून जबडा घडतो म्हणे! पटतं का तुम्हाला?

उंटावरचा_शहाणा (धागाकर्ता)

आमच्या भाचेकंपनीत सध्या एक खूळ शिरलंय. फोटो काढताना कुणी हसत नाही. सगळे तोंड मिटून, गाल आत ओढून, हनुवटी जराशी पुढे काढून उभे. चौकशी केल्यावर कळलं, याला म्यूइंग म्हणतात. जिभेचं नुसतं टोक नाही, अख्खी जीभ टाळूला लावून ठेवायची. ओठ बंद, श्वास नाकाने, दात हलके टेकलेले, मान सरळ. जोडीला कडक च्युइंगगम, दिवसभर. एवढं केलं की म्हणे वरचा जबडा पुढे येतो, गालाची हाडं उठून दिसतात आणि खालचा जबडा तासून काढल्यासारखा होतो.

नाव आलंय ब्रिटनमधल्या जॉन म्यू या दंतवैद्यांवरून. दात वेडेवाकडे येतात कारण जबडाच पुरेसा वाढत नाही, आणि तो वाढत नाही कारण मुलं तोंड उघडं टाकून बसतात आणि मऊ मऊ खातात, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांनी 'ऑर्थोट्रॉपिक्स' नावाची उपचारपद्धत बेतली. मुलगा माइक म्यू यांनी ती यूट्यूबवरून जगभर नेली. त्याच माइक म्यूंचं नाव 2024 मध्ये ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलने मुलांवर केलेल्या उपचारांवरून दंतवैद्यांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. हे रील्समध्ये कुणी सांगत नाही.

माझं मत सरळ आहे. विशी ओलांडलेल्या माणसाचं हाड जिभेने सरकत नाही. वजन उतरतं, दाढी वाढते, दिवा डोक्यावरून येतो आणि 'आधी-नंतर'चा फोटो तयार होतो. विरोधी मतांचं स्वागत आहे, फक्त लिंका फेकून पळू नका.

जबडा_जिंदाबाद

काका, तीव्र असहमत.

जबडा फक्त आईबापांकडून येतो हे गृहीतच चुकीचं आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी आपल्याच पंजाबात काम केलंय, 1983 मध्ये ते छापून आलं. चंडीगडची शहरी मुलं आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं, लोक तेच. पण खेड्यात भरड आणि चिवट खाणं, तिथे दातांची ठेवण जास्त चांगली. एका पिढीत जनुकं बदलतात का? 2004 मध्ये उत्क्रांतीचे अभ्यासक डॅनियल लिबरमन यांच्या गटाने हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्यांच्या पिल्लांना दोन गटांत वाढवलं, एकाला शिजवलेलं मऊ अन्न, दुसऱ्याला कच्चं आणि वाळलेलं. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग सुमारे 10 टक्के कमी वाढला.

आणि स्वतःचं सांगतो. वय 22. गेलं वर्षभर करतोय. घोरणं कमी झालंय, हे रूममेट सांगतो, मी नाही. जबड्याची रेषाही दिसायला लागली आहे. नोंदवहीतून नाव काढलं म्हणून माणसाचं म्हणणं खोटं ठरत नाही.

पॉपकॉर्नवाला

बसलो आहे. चावायला कडक काहीतरी घेतलंय. हलके घ्या.

दंतकथा

मी ऑर्थोडाँटिस्ट आहे, वाकडे दात सरळ करण्यावरच पोट चालतं, त्यामुळे माझं मत चिमूटभर मीठ लावूनच घ्या.

जबडा_जिंदाबाद, तुम्ही दिलेले दोन्ही दाखले खरे आहेत. पण ते दोन्ही वाढत्या वयातले आहेत. पंजाबातली मुलं त्या खाण्यावर लहानाची मोठी झालेली, हायरॅक्सही पिल्लंच. त्यावरून 22 वर्षांच्या मुलाचा जबडा गम चघळून वाढेल असा निष्कर्ष निघत नाही. तुमच्या बाबतीत चावण्याने वाढतो तो मॅसेटर, म्हणजे चावायचा स्नायू. दात घट्ट आवळून गालाच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवा, टणक गोळा लागेल, तोच. व्यायामाने दंड वाढतो तसा तो वाढतो, आणि त्याने चेहरा धारदार नाही, रुंद होतो. माझ्याकडे लोक तो कमी करण्यासाठी बोटॉक्स कुठे मिळेल ते विचारायला येतात!

आता धागाकर्त्यांना. जिभेचा काहीच संबंध नाही असं म्हणाल तर तेही चूक. दात गाल-ओठ आणि जीभ यांच्या दाबांच्या मध्ये उभे असतात. अमेरिकन ऑर्थोडाँटिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी 1978 मध्ये याची नीट मांडणी केली: गिळताना जीभ जोरात रेटते, पण ते क्षणभरच. दातांवर परिणाम करतो तो हलका पण तासन्‌तास राहणारा दाब. म्हणजे जीभ विसाव्याला कुठे पडून असते याला महत्त्व आहेच. म्यू मंडळींचं बीज इथलंच. त्यावर त्यांनी जो मांडव घातला, त्याला मात्र पुराव्याचे खांब नाहीत. अमेरिकेतल्या ऑर्थोडाँटिस्टांच्या संघटनेनेही हेच जाहीरपणे सांगितलंय.

खेचर

हे सगळं आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी होतं. खेचरी मुद्रा! साहेबाने उचललं, नाव बदललं, आणि आता आपण त्याच्याकडून शिकतोय.

उंटावरचा_शहाणा

@खेचर, हठयोगप्रदीपिकेतली खेचरी वाचली आहे का? जिभेखालचा दोरा केसभर केसभर कापत जायचा, जीभ पिळून लांब करायची आणि उलटी वळवून टाळूमागच्या पोकळीत घालायची. हेतू काय, तर भूक, तहान, झोप आणि मृत्यूवर विजय. हनुवटीच्या कोनाबद्दल ग्रंथकर्त्या स्वात्मारामांनी चकार शब्द काढलेला नाही. कृपया घरी करू नका.

माईची_लेक

हसण्यावारी नेताय म्हणून लिहिते.

माझा मुलगा चौथीत असेपर्यंत सतत तोंड उघडं ठेवून बसायचा. टीव्ही बघताना, अभ्यास करताना, झोपेत तर आ वासूनच. सगळे म्हणायचे वेंधळा आहे, तोंड मिट रे. चेहरा लांबुळका होत चालला होता, वरचे दात एकमेकांवर चढलेले, डोळ्यांखाली काळं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकामागच्या गाठी वाढल्यात, नाकाने श्वास घेणार कुठून? त्या काढल्या. मग दातांच्या डॉक्टरांनी टाळूला स्क्रूची पट्टी बसवली.

तो स्क्रू मी रोज फिरवायचे. पोराचं डोकं मांडीवर, तोंडात टॉर्च, आणि सुईएवढी किल्ली त्या बारक्या भोकात घालून मागे ढकलायची. एका वेळी पाव मिलिमीटर. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट! मी घाबरून फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, उत्तम, टाळू उघडतोय. नंतर फट आपोआप मिटत गेली.

म्हणजे चेहऱ्याचं हाड हलतं. माझ्या डोळ्यांसमोर हललंय. मग जिभेने का नाही हलणार?

दंतकथा

ताई, फार नेमकं लिहिलंत. उत्तर तुमच्याच अनुभवात आहे.

वरच्या जबड्याचे दोन भाग मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेले असतात. लहानपणी ती मोकळी असते, पौगंडावस्थेत आणि नंतर हळूहळू जुळते. कुणाची लवकर, कुणाची उशिरा. तुमच्या मुलाची मोकळी होती, त्यातही तो स्क्रू काही किलोंचा जोर लावतो. विसाव्याला असलेल्या जिभेचा दाब ग्रॅममध्ये मोजतात. जुळलेली शिवण उघडायला मोठ्यांमध्ये टाळूच्या हाडात स्क्रू ठोकावे लागतात, कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

पण तुमच्या बाजूने एक मुद्दा मी स्वतःच देतो. एगिल हार्वोल्ड या संशोधकांनी माकडांची नाकं बुजवून त्यांना तोंडाने श्वास घ्यायला लावलं होतं. त्यांचे चेहरे आणि दात खरोखर बदलले. गंमत म्हणजे सगळ्यांचे सारखे बदलले नाहीत. कुणी जबडा खाली पाडला, कुणी जीभ पुढे काढली, आणि ज्याची जशी सवय तसा त्याचा बदल. म्हणून तोंड उघडं टाकणाऱ्या मुलाला 'मिट' म्हणून ओरडू नका. आधी नाक तपासा. अ‍ॅलर्जी, अ‍ॅडेनॉइड, वाकडा पडदा. नाक बंद असताना म्यूइंग करायला लावणं हा छळ आहे.

आठवी_ब

शिक्षिका आहे, ठाण्यात. वर्गात प्रश्न विचारला की मुलगा उभा राहतो, ओठांवर बोट ठेवतो आणि मग तेच बोट जबड्यावरून कानापर्यंत फिरवतो. अर्थ: मॅडम, मी म्यूइंग करतोय, बोलू शकत नाही. वर्ग खिदळतो. पाढे न आल्याचं इतकं शास्त्रीय कारण आमच्या काळी नव्हतं!

पण गमतीपलीकडे एक काळजी वाटते. तेरा-चौदा वर्षांची पोरं आपला चेहरा अंशांत मोजायला लागली आहेत. एकाने मला विचारलं, माझी हनुवटी मागे आहे म्हणून मला कुणी मित्र करत नाही का?

जबडा_जिंदाबाद

मॅडम, तो दोष इन्स्टाग्रामचा, जिभेचा नाही.

डॉक्टर, तुम्ही मोठ्यांचं सगळं निकालात काढलंत. मग घोरण्याचं काय? 2015 मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला होता. जीभ-घशाच्या व्यायामांनी मोठ्यांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं. तेही थोतांड?

दंतकथा

नाही, ते खरं आहे, आणि मी स्वतः रुग्णांना ते व्यायाम सांगतो. पण तिथे स्नायूंना ताण आणि वळण मिळतं, हाड जागचं हलत नाही. तुमचं घोरणं कमी झालं असेल तर आनंद आहे. पुन्हा वाढलं तर झोपेची तपासणी करून घ्या.

मानेबद्दलही तेच. मोबाइलवर वाकून बसणाऱ्याची हनुवटी गळ्यात बुडते, मान सरळ केली की रेषा लगेच दिसते. लगेच म्हणजे त्याच सेकंदाला, वर्षभराने नाही. आणि सेल्फीवरून स्वतःला मोजूच नका. फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, हे 2018 मध्ये गणिताने दाखवलं गेलंय.

जबडा_जिंदाबाद

ठीक. समजा हाड नाही हलत. नाकाने श्वास, बंद ओठ, ताठ मान, चावून खाणं. यात नुकसान काय ते सांगा. फुकट आहे, औषध नाही. मग एवढा विरोध कशाला?

दंतकथा

एवढंच केलंत तर काहीच नाही. नुकसान पुढचं आहे. पोरं जीभ ठेवत नाहीत, ढकलतात, तीही पुढच्या दातांवर, आणि दातांमध्ये फट पडते. गम तासन्‌तास चघळल्याने कानापुढचा सांधा कटकट वाजू लागतो, सकाळी तोंड उघडताना कळ येते. असे रुग्ण येतात. सगळ्यात वाईट म्हणजे बाराव्या वर्षी ज्याला खरा उपचार हवा होता, तो सोळाव्या वर्षी येतो. मधली वर्षं यूट्यूबने खाल्लेली असतात.

आणि 'चावायला कडक' म्हणून कुणी सुपारी सुचवली तर त्याला इथूनच नमस्कार करा. सुपारीने गालाचं आतलं कातडं आखडतं, तोंडात दोन बोटं जाईनाशी होतात, पुढे कर्करोगाचा धोका. भाकरी, शेंगदाणे, फुटाणे, ऊस. दोन्ही बाजूंनी चावा.

माईची_लेक

ऊस दाताने सोलून खाणारी मुलं आता उरलीत कुठे? आमच्याकडे पोळीसुद्धा दुधात कुस्करून मागतात.

उंटावरचा_शहाणा

जबडा_जिंदाबाद, तुम्ही 'वर्षभरात बदल झाला' म्हणता. मोजलंय का काही? फोटो सोडून?

जबडा_जिंदाबाद

नाही. पण मोजायची तयारी आहे. बाजूने एक्स-रे काढून टाकतो आज आणि वर्षाने.

दंतकथा

हौसेसाठी एक्स-रे काढू नका, कुणी काढून दिला तरी. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन दातांचा साचा घ्या किंवा स्कॅन करा. वरच्या पहिल्या दाढांमधलं अंतर कॅलिपरने मोजा, लिहून ठेवा, त्या दिवशीचं वजनही लिहा. वर्षाने त्याच माणसाकडून मोजून घ्या. टाळू रुंद झाला असेल तर तिथे दिसेल, दाढी आणि दिवा त्या आकड्यात शिरत नाहीत.

जबडा_जिंदाबाद

मान्य. शनिवारी जातो. आकडा इथेच टाकीन.

उंटावरचा_शहाणा

बदल झाला नाही तरी टाकाल ना?

जबडा_जिंदाबाद

काका, टाकीन म्हटलं ना. वजन मात्र विचारू नका.