आई-बाबांसाठी एकच दिवस: जुने गोवे, मंदिरे की दूधसागर?

पणजीवासी: नाताळच्या सुटीत साताऱ्याहून आई-बाबा आमच्याकडे येणार आहेत. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे आणि आईचे गुडघे दुखतात. तरीही चर्च, मंगेशी, शांतादुर्गा आणि दूधसागर पाहायचाच, असा तिचा आग्रह आहे. गाडी घरची आहे, पण मला मोकळा दिवस एकच मिळतो. हे सारे त्यात बसेल, की काही गाळावे?

डिचोलीकर: दूधसागर गाळावा. कुळ्यापर्यंत आपली गाडी जाते, पण पुढे जीपमधून ओहोळ ओलांडत, हादरे सोसत जावे लागते आणि जीप थांबल्यावरही दगडधोंड्यांतून चालणे असतेच. त्याऐवजी सकाळीच जुन्या गोव्यात जावे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेली बॉम जेझूस बासिलिका आणि से कॅथेड्रल समोरासमोर असल्याने आईंना फार चालावे लागणार नाही. (रविवार मात्र टाळावा, कारण सकाळी प्रार्थना चालू असतात.) मग फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरून, बेट ओलांडून, दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला सप्तकोटीश्वराच्या दर्शनाला जावे. कदंब राजांच्या या आराध्यदैवताचे दिवाडीवरील मंदिर पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले गेले आणि तेथील मंदिराचा 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला. साताऱ्याच्या माणसांना हे दाखवायलाच हवे, आणि तेही देव गेला त्याच पाण्यावरून!

फोंड्याचा रहिवासी: दूधसागराबद्दल सहमत आहे, परंतु आईंनी नाव घेऊन सांगितलेली मंदिरे वगळणे मला पटत नाही. साताऱ्याचेच म्हणाल, तर कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे मंदिर छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत, 1738 च्या सुमारास उभे राहिले. ही देवीही मूळची केळोशीची आणि मंगेश कुठ्ठाळीचा. बाटवाबाटवीच्या काळात भाविकांनी दोघांनाही पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, फोंड्याच्या बाजूला आणले. मंगेशी तर पणजी-फोंडा रस्त्यालगतच आहे.

पणजीवासी: दूधसागर रद्द केला, आईची समजूत बाबा घालतील. पण नार्वे आणि फोंडा या दोन्ही बाजू एका दिवसात होतील का?

डिचोलीकर: होतील, फक्त मी सांगितलेला क्रम उलटवावा लागेल. जुने गोवे आटोपून मंगेशी आणि कवळे करावे, फोंड्यात जेवावे, मग माशेलवरून आमोण्याच्या पुलाने नार्व्याला यावे आणि परतताना दिवाडीमार्गे दोन्ही फेरीबोटी घ्याव्यात. नाताळात जुन्या गोव्याच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, ती सकाळी चुकते. संध्याकाळी दिवाडीहून येताना थांबावे लागलेच, तर आई-बाबांना गाडीतच बसून राहता येईल.